पोरींचीं पुस्तकें आणि प्रौढांचा पंक्तिप्रपंच

वाङ्मयाच्या पंगतींत पंक्तिप्रपंच चालतो, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. महाकाव्यें आणि नाटकें यांचीं पानें चौरंगावर मांडावयाचीं, कादंबरीला त्यांच्या शेजारीं जरा संकोचानेंच जागा द्यावयाची, आणि मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांना आंतल्या खोलींत लवकर जेवूं घालून झोपीं लावावयाचें, हा शिरस्ता विद्वानांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यांतहि पुस्तकें जर मुलींकरितां लिहिलेलीं असलीं, तर त्यांचें पान मांडण्याचीहि गरज कोणास वाटत नाहीं. हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, अमेरिकेंत चाळिशी गांठलेल्या पुष्कळ स्त्रिया लहानपणीं वाचलेल्या एका पुस्तकमालेकडे गेल्या कांहीं वर्षांत पुन्हां वळल्या आहेत, आणि त्यांच्या या वाचनाकडे पाहून तिकडच्या व इकडच्या शिष्ट मंडळींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट प्रकारचें स्मित उमटूं लागलें आहे. तें स्मित रसिकतेंतून आलेलें नसून अज्ञानांतून आलेलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

'द बेबी-सिटर्स क्लब' हें त्या मालेचें नांव. पैसे घेऊन कांहीं तास दुसऱ्याचीं मुलें सांभाळणें, हा अमेरिकेंतील शाळकरी मुलींचा जुना उद्योग. त्यावर रचलेल्या या मालेचें पहिलें पुस्तक स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनें १९८६ सालीं काढलें. लेखिका ॲन एम. मार्टिन. कनेक्टिकट संस्थानांतील स्टोनीब्रुक नांवाच्या कल्पित गांवीं बारा-तेरा वर्षांच्या चार मुली एक मंडळ स्थापन करतात. सोमवारीं, बुधवारीं आणि शुक्रवारीं सायंकाळीं साडेपांच ते सहा या वेळांत त्या क्लॉडिया किशी हिच्या खोलींत जमतात. कारण तिच्या खोलींत स्वतंत्र टेलिफोन असतो. ज्या घरीं मुलें सांभाळावयास कोणी हवें असेल त्या घरच्या आईबापांनीं त्या वेळीं फोन करावा, म्हणजे एकाच फोनवर चारांपैकीं एक तरी मुलगी मोकळी सांपडते. क्रिस्टी थॉमस ही अध्यक्ष, क्लॉडिया उपाध्यक्ष, मेरी ॲन स्पायर चिटणीस आणि स्टेसी मॅकगिल खजिनदार. कामांची नोंदवही निराळी, आणि प्रत्येक कामानंतर त्या घरीं काय घडलें तें लिहून ठेवण्याची वही निराळी. पुढें मंडळांत आणखी मुली येतात. २००० सालीं ही कथा थांबली तोंवर मुख्य मालेचींच १३१ पुस्तकें झालीं होतीं. उपमाला धरल्या तर संख्या दोनशेंच्या वर जाते, आणि खपलेल्या प्रतींचा आंकडा सतरा कोटींच्या पुढें आहे.

या पुस्तकांवर वाढलेल्या मुली आतां स्वतः आया, शिक्षिका, लेखिका आणि चित्रकर्त्या झाल्या आहेत. राइना टेल्गमायर यांनीं २००६ पासून चार कथा चित्ररूपानें नव्यानें सांगितल्या. २०२० सालीं नेटफ्लिक्सवर या कथांची नवी मालिका आली. आणि २०२१ सालीं मोठ्या झालेल्या वाचकांनीं लिहिलेल्या निबंधांचा व चित्रांचा एक स्वतंत्र संग्रहच अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. या साऱ्या खटाटोपावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा आतां क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, हीं पुस्तकें म्हणजे कारखान्यांतला माल. आक्षेपकाचा पुरावा खोटा नाहीं, आणि तो लपविण्याचें आम्हांस प्रयोजनहि नाहीं. मूळ कल्पना लेखिकेची नसून स्कोलॅस्टिकमधील जीन फायवेल या संपादिकेची. मूल सांभाळण्याच्या कामावरचें एक पुस्तक बरें खपतें असें दिसल्यावरून ती त्यांस सुचली. बेत अवघ्या चार पुस्तकांचा होता. मागणी वाढली तशी पुस्तकें इतक्या वेगानें निघूं लागलीं कीं, एका हाताला तें काम झेपणें अशक्य झालें. पहिल्या तीस-पस्तीस पुस्तकांनंतर पुष्कळशीं दुसऱ्यांच्या लेखणींतून उतरलीं आणि मार्टिनबाईंच्या नांवावर प्रसिद्ध झालीं. प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या सुमारास साऱ्या सभासद मुलींचें रूप, वेष आणि स्वभाव पुन्हां पहिल्यापासून सांगावयाचा, हा तर या मालेचा संप्रदायच. शिवाय मुली एकदां आठव्या इयत्तेंत गेल्या त्या तेथेंच राहिल्या. कित्येक उन्हाळे आणि कित्येक नाताळ आले आणि गेले, परंतु त्यांचें तेरावें वर्ष कांहीं सरेना!

हें सर्व मान्य. पण जन्मावरून योग्यता ठरविण्याचा हा न्याय सर्वांना सारखा लावला जातो काय? शेरलॉक होम्सच्या गोष्टी मासिकाच्या मागणीप्रमाणें लिहिल्या गेल्या. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं आपल्या नायकास कड्यावरून लोटून दिलें, तरी वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहापुढें त्याला तो पुन्हां जिवंत करावा लागला. डॉ. वॉटसनची युद्धांतील जखम एका कथेंत खांद्याला आहे, तर दुसऱ्या कथेंत पायाला. या विसंगतीवर सुशिक्षित, प्रतिष्ठित, पिकल्या केसांचे गृहस्थ गंभीर निबंध लिहितात. न्यूयॉर्कमध्यें १९३४ सालीं क्रिस्टोफर मॉर्ले यांनीं अशा गृहस्थांची एक मंडळीहि स्थापन केली. त्यास जग रसिकता म्हणतें. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ सालीं चित्रपटांत आला, तेव्हां पन्नाशीच्या गृहस्थांनीं त्याचें कौतुकच केलें. त्यांस पोरकट ठरविणारा कोणी आम्हांस भेटला नाहीं. मग चाळीस वर्षांच्या बाईनें क्लॉडियाच्या खोलींत खाऊ कोठें कोठें लपविलेला असे याची आठवण काढली, तर तेवढाच पोरकटपणा कसा ठरतो? पुरुषाच्या बाळपणाला स्मारक, आणि स्त्रीच्या बाळपणाला अडगळीची खोली, हाच तो पंक्तिप्रपंच.

यांतली गंमत अशी कीं, हा खटला या पुस्तकांतच चालून गेला आहे. क्लॉडिया ही चित्रकलेंत निपुण, परंतु शुद्धलेखनांत कच्ची मुलगी. तिला नॅन्सी ड्रूच्या रहस्यकथांचें वेड असतें. आईवडिलांच्या मतें तीं पुस्तकें हलकीं. थोरली बहीण जॅनीन बुद्धिमत्तेचा केवळ पुतळा. म्हणून क्लॉडिया आपलीं पुस्तकें खाऊसारखींच लपवून ठेवते. तिला आहे तशी समजून घेणारी घरांत एकच व्यक्ति, ती म्हणजे तिची आजी मिमी. तेव्हां या मालेची थट्टा करणारे विद्वान क्लॉडियाच्या आईवडिलांची भूमिका वठवीत आहेत. आणि त्या घरांत वाचकाचें मन कोणाच्या बाजूला झुकतें, हें दहा वर्षांच्या मुलीलाहि सांगावें लागत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे. असें म्हणतात कीं, प्रौढपणीं बाळपणाचीं पुस्तकें उघडणें म्हणजे वर्तमानांतून पळ काढणें. जग कठीण झालें कीं दुबळीं मनें गोड आठवणींच्या गोधडींत शिरतात. पळपुटें वाचन जगांत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या मालेच्या पहिल्याच पुस्तकांतील पहिलाच महत्त्वाचा प्रसंग घ्या. क्रिस्टीची आई चार मुलांची आई आहे. नवरा सोडून गेलेला, आणि ती नोकरी करणारी. एके संध्याकाळीं ती घरीं पिझ्झा घेऊन येते, आणि मुलांना सांगते कीं, उद्यां दुपारीं धाकट्या डेव्हिड मायकेलला सांभाळावयास कोणीतरी हवें आहे. थोरल्या भावंडांपैकीं कोणीच मोकळें नाहीं. मग ती एकामागून एक फोन करीत सुटते. इकडून नकार, तिकडून नकार. पिझ्झा निवत जातो. तें पाहून क्रिस्टीच्या मनांत येतें कीं, आईला एकाच फोनवर चार जणी सांपडल्या असत्या तर किती बरें झालें असतें! मंडळाचा जन्म होतो तो येथें.

दहाव्या वर्षीं हा प्रसंग वाचणारी मुलगी क्रिस्टीच्या शेजारीं बसलेली असते. तिला दिसते ती युक्ति. ती युक्ति कधीं अमलांत येते, मैत्रिणी कधीं जमतात, पहिला फोन कधीं वाजतो, याची तिला उत्कंठा लागते. आई हें पात्र तिच्या दृष्टीनें त्या खोलींतल्या मेजाखुर्चीसारखेंच. तीच मुलगी चाळिसाव्या वर्षीं तेंच पान उघडते तेव्हां तिचें आसन बदललेलें असतें; आतां फोन तिच्या हातांत असतो. सांगणारी क्रिस्टीच, शब्द तेच, पण त्या निवत चाललेल्या अन्नाचा आणि त्या नकारांचा अर्थ तिला आतां प्रथम कळतो. त्याचप्रमाणें मेरी ॲनचे वडील. आईवेगळ्या मुलीनें केस कसे बांधावे येथपर्यंत नियम घालणारा हा मनुष्य लहानपणीं जुलमी वाटतो. पुनर्वाचनांत तो बायको गमावलेला आणि मुलगीहि हातची जाईल या भीतीनें ग्रासलेला एकाकी बाप म्हणून ओळखूं येतो. स्टेसीला मधुमेह आहे. तिचे आईबाप एका वैद्याकडून दुसऱ्या वैद्याकडे धांव घेतात. तेव्हां ते त्रासदायक वाटले होते. आतां त्यांची धांव कोठून येते तें समजतें. याला पलायन म्हणावयाचें असेल, तर जगांत वर्तमानाकडे येण्याचे मार्ग फारच थोडे उरतील.

आणि तो फोन म्हणजे कांहीं एकट्या थॉमसबाईंच्या घरचा अपघात नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत स्त्रियांच्या हातांवांचून कारखाने चालेनात, तेव्हां अमेरिकन सरकारनें स्वतःच्या खर्चानें पाळणाघरें काढलीं होतीं. युद्ध संपतांच, १९४६ सालीं, सरकारनें त्यांचा हात सोडला. १९७१ सालीं मुलांच्या संगोपनाची देशव्यापी व्यवस्था उभारण्याचें एक बिल वॉल्टर माँडेल आणि जॉन ब्रेडमस यांच्या पुढाकारानें काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं संमत केलें. अध्यक्ष निक्सन यांनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत तें नामंजूर केलें. अशा व्यवस्थेनें कुटुंबाचें स्थान सामुदायिक संगोपनाकडे जाईल, असें त्यांचें म्हणणें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं हें पहिलें पुस्तक निघालें. तोंवर अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक आया घराबाहेर काम करूं लागल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांकडे कोणीं पाहावें या प्रश्नास राष्ट्राजवळ उत्तर नव्हतें. ज्या प्रश्नापुढें सरकार हटलें तो प्रश्न बारा वर्षांच्या एका पोरीनें, एक टेलिफोन आणि एक नोंदवही यांच्या साहाय्यानें, आपल्या गल्लीपुरता सोडविला! ही गोष्ट बालिश आहे खरी. पण तिच्यांतला बालिशपणा नेमका कोणाचा?

या मालेचा खरा गुण आमच्या मतें येथेंच आहे. कथानकें साधीं आहेत, भाषा बेताची आहे. परंतु मूल सांभाळणें हें काम आहे, त्याला कौशल्य लागतें, त्याची वेळ पाळावी लागते, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, ही गोष्ट या पुस्तकांनीं कोट्यवधि मुलींच्या मनावर गाजावाजा न करतां बिंबविली. रडणारें मूल, हट्टी मूल, आईबाप विभक्त झालेलें मूल, कानांनीं न ऐकूं येणारें मूल, अशा प्रत्येकाशीं निराळ्या रीतीनें वागावें लागतें. १९८८ च्या एका पुस्तकांत जेसी ही मुलगी बहिऱ्या मुलाकरितां हातवाऱ्यांची भाषा शिकते. आणि हें शिकविणारें पात्र उपदेशक गुरुजी नसून वाचणारीच्याच वयाची मैत्रीण असे.

तिसरा आक्षेप उलट दिशेनें येतो, आणि तो करणारे शिष्ट नसून नवे नीतिवादी आहेत. ते जुनें पुस्तक उघडतात तें हातांत लाल पेन्सिल घेऊनच. क्लॉडिया जपानी वंशाची. तिच्या डोळ्यांना दर वेळीं बदामाचीच उपमा कां? जेसी कृष्णवर्णीय, एवढ्या गांवांत तिच्यासारखीं घरें इतकीं थोडीं कां? हे प्रश्न योग्य आहेत, आणि ते विचारले गेले पाहिजेत. परंतु खतावणीला दोन बाजू असतात. ज्या काळीं अमेरिकन मुलांच्या पुस्तकांत आशियाई वंशाचें मूल क्वचितच दिसे, आणि दिसलें तर गणितांतील विद्वान म्हणूनच, त्या काळीं अभ्यासांत ढ, वेषांत धीट आणि मैत्रिणींत लाडकी अशी क्लॉडिया निर्माण झाली. तिचें मोल काय होतें, हें २०२० सालच्या सू डिंग यांच्या माहितीपटांत आशियाई वंशाच्या अमेरिकन लेखकांनीं व चित्रकारांनीं स्वतः सांगितलें आहे. १९९२ च्या एका पुस्तकांत वर्णद्वेषामुळें क्लॉडियाला आपल्या घरीं येऊं न देणारें कुटुंबहि आलें आहे. आणि २०२० च्या मालिकेंत मिमीच्या आठवणींतून, युद्धकाळीं जपानी वंशाच्या लोकांना जेथें डांबून ठेवलें त्या मान्झानारच्या छावणीची कथाहि आली. जें अपुरें होतें तें याच पुस्तकांवर पोसलेल्या पिढीनें पुरें केलें. लाल पेन्सिलवाल्यांनीं खुणा जरूर कराव्या. मात्र त्या खुणा करण्याची दृष्टि अनेकांना प्रथम कोठून मिळाली, हेंहि समासांत लिहावें.

येथवर आम्हीं या वाचकांचा कैवार घेतला. आतां त्यांच्यांतील कांहींशीं आमचें भांडण आहे तेंहि सांगूं. पुष्कळांचें पुनर्वाचन क्लॉडियाच्या कानांतील विचित्र डुलांपाशीं सुरू होतें आणि तेथेंच संपतें. जुन्या मुखपृष्ठांचीं चित्रें जमवावीं, आपण क्रिस्टी कीं मेरी ॲन याचा निकाल करावा, आणि प्रकाशकानें नव्या वेष्टणांत घालून दिलेला जुना माल पुन्हां विकत घ्यावा, एवढ्यानें ज्यांचें समाधान होतें त्यांनीं शिष्टांच्या स्मितास स्वतःच निमंत्रण दिलें आहे. त्यांनीं खजिनदार स्टेसीची वही उघडून पाहावी. जिच्याजवळ द्यावयास पैसे नाहींत ती आई स्टोनीब्रुकांत फोन कोणाला करते? क्रिस्टीच्या आईचा प्रश्न पुढें बराचसा सुटला तो तिनें एका लक्षाधीशाशीं लग्न केलें म्हणून. ज्यांना वॉटसन ब्रुअर भेटला नाहीं त्यांचें काय झालें? आणि अकरा वर्षांच्या मुलींनीं ही पोकळी भरून काढावी, हें कौतुकाचें कीं लाजेचें? हे प्रश्न दहाव्या वर्षीं सुचत नाहींत. चाळिसाव्या वर्षीं जर सुचले नाहींत, तर पुस्तक दोनदां वाचून वाचक मात्र एकदांच वाढला, असें म्हणावें लागेल.

हा सारा वाद सातासमुद्रांपलीकडचा, आपणांस त्याचें काय, अशी शंका कोणी काढील. परंतु अमेरिकेंतील मराठी घरांत जन्मलेल्या मुलींनीं हीं पुस्तकें तेथील ग्रंथालयांतून आणून वाचलीं. आणि आज त्या मुलींचीं बाळें सांभाळावयास पुण्या-मुंबईहून आजी सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर विमानानें जाते. त्या आजीचें नांव कोणत्याहि नोंदवहींत नसतें. तिच्या जाण्याला आपण प्रेम म्हणतों. तें प्रेम आहेच, पण तें कामहि आहे, हें म्हणावयास आपली जीभ रेटत नाहीं. इकडेहि तीच तऱ्हा. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ सालीं सुरू झाली; तिच्यांत गांवोगांवचीं मुलें सांभाळणारी अंगणवाडी सेविका जें मिळवते त्यास आपण वेतन म्हणत नाहीं, मानधन म्हणतों. तिला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हें ठरावयास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. स्टोनीब्रुकच्या पोरींना पहिल्याच सभेंत जें समजलें होतें, त्याला आपल्याकडे इतका काळ लागला.

म्हणून आमचें मागणें दोन्ही पक्षांकडे आहे. ज्या वाचक स्त्रियांनीं हीं पुस्तकें पुन्हां हातांत घेतलीं आहेत, त्यांनीं तीं उघडपणें वाचावीं, क्लॉडियासारखीं लपवून नव्हे. आणि वाचून झाल्यावर आपल्या मुलींना, आणि विशेषतः आपल्या मुलांना, द्यावीं. मूल सांभाळण्याचें काम आजवर मुलींच्या पुस्तकांतच शिकविलें गेलें, हाहि एक पंक्तिप्रपंचच आहे, आणि तो मोडावयाचा तर मुलग्यांच्या हातीं हीं पुस्तकें पडलीं पाहिजेत. शिष्ट मंडळींनीं खुशाल हंसावें. फक्त त्यापूर्वीं पहिल्या पुस्तकांतील तें फोनचें प्रकरण एकदां वाचावें, आणि आपण स्वतः ग्रंथ वाचीत, लिहीत, विद्वत्ता मिळवीत बसलों होतों त्या वर्षांत आपल्या घरचीं मुलें कोण सांभाळीत होतें, याचा आंकडा मांडून पाहावा.